सहा मीटर

मोजणीवाला पोरगा टेप गुंडाळत म्हणाला,
मॅडम, हा ट्रॅक चारशेचा नाहीच.
तीनशे चौऱ्याण्णव.
पुन्हा मोजू?
मी म्हटलं, मोज.
पुन्हा तीनशे चौऱ्याण्णव.

चिंचेमुळे.
रामसनेही दर डिसेंबरला चुना टाकत यायचा,
गळका डबा हलवत, उलट्या पावली,
आणि चिंच आली की आत वळायचा,
वाटेत झोपलेल्या माणसाला वळसा घालावा तसा.
बुंध्यावर वनस्पतिशास्त्राची पत्र्याची पाटी:
टॅमरिंडस इंडिका.
खाली कुणी खिळ्यानं कोरलंय, इमली.

हे कॉलेज रिसाल्याच्या तबेल्यात सुरू झालं.
सहामाही फी अकरा रुपये.
हजीऱ्याहून मिलवाल्यांची पोरं यायची
एका सायकलवर दोघं, कधी तिघं,
घोडे बांधायच्या कड्यांना डबे अडकवायची
आणि अर्थशास्त्र शिकायची.
पावसाळ्यात एम.ए. पूर्वार्धाच्या वर्गात
लिदीचा वास उठायचा, मी असतानासुद्धा.
तेलंगबाई नाकाला पदर न लावता शिकवायच्या.
त्यांच्या मराठी विभागात आधी बावीस मुलं होती,
आमच्या वेळी चार,
शेवटच्या वर्षी एकच, तोही भदौरिया,
हॉस्टेलची खोली मिळावी म्हणून आलेला.
पासष्ट टक्के मिळवून गेला.
आता तिथे कुस्तीच्या गाद्या ठेवतात.

जिमखान्याच्या फळ्यावर मी आहे:
४०० मीटर (महिला), कु. प्रमिला इंगळे,
६१.२, सन १९८१.
बेचाळीस वर्षं कुणी पुसलेलं नाही.
दसऱ्याला फळ्याला हार घालतात,
तो नेमका माझ्या नावावरून लोंबतो.

त्या दिवशी मुन्नी कुशवाह माझ्यामागे होती.
पहाटे मुरारमध्ये दूध घालून यायची ती,
कॅनव्हासच्या बुटांना दुधाचे डाग.
पंधरा दिवसांनी भोपाळला मोठी स्पर्धा झाली.
मला कावीळ झाली होती, मी गेले नाही.
मुन्नी तिथे धावली, एकसष्ट नऊ.
परत आल्यावर हबीब सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली,
म्हणाले, शाबास, पण इंगळेचा रेकॉर्ड राहिला.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मीही वाजवल्या.

भोपाळचा ट्रॅक पूर्ण चारशेचा होता.

क्रीडा अधिकारी म्हणून मी आयुष्यभर
पोरींच्या वेळा टाचणवहीत लिहिल्या,
इतका हिशेब मला बोटांवर येतो.
सहा मीटर म्हणजे माझ्या पायांना
जवळजवळ एक सेकंद.
एकसष्ट दोन अधिक एक सेकंद.
पोरगा विचारतो, मॅडम, ऊन लागतंय का?

मुन्नीचा नंबर कँटीनवाल्याकडे निघाला.
तिची मुरारला पिठाची चक्की आहे,
फोनमध्ये ती आधी घरघरली, मग कुणीतरी पट्टा उतरवला.
मी सगळं सांगितलं, एका दमात,
शेवटच्या वळणावर धावावं तसं.
ती हसली.
हमको तो तभी पता था, प्रमिला.
इमली वाला मोड़ छोटा था, हमने कदम गिने थे.
मग बोलली का नाहीस?
पलीकडे कुणीतरी पाच किलो मागत होतं.
तिनं आधी ते तोलून दिलं.
बता देते तो पेड़ कटता.
इमली तो हम भी खाते थे.

पुढच्या महिन्यात मी रिटायर होते.
नवा ट्रॅक लाल असणार, रबरी,
आठ पट्ट्यांचा, एक इंचही कमी नाही.
पोरगा चिंचेखाली उभा आहे,
फुलीसाठी आणलेला रंग काडीनं ढवळत.
फॉर्मात एक रकाना आहे: अडथळे.
खाली माझी सही हवी.

पेन सुकलंय.
चालतं का पाहायला मी कोपऱ्यात
एकसष्ट नऊ लिहिते,
मग पुन्हा, जरा ठळक.